जुनी दुनळी बंदूक उघडताना अडते: दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न

वडिलांच्या पश्चात रीतसर माझ्या परवान्यावर आलेली १२ बोअरची एक जुनी दुनळी बंदूक माझ्याकडे आहे. नळ्या शेजारी-शेजारी आहेत, घोडे आत दडलेले आहेत, चाप दोन आहेत आणि वरचा लीव्हर अंगठ्याने उजवीकडे ढकलून ती उघडावी लागते. इजेक्टर नाहीत, नळ्या खाली झुकल्या की एक्स्ट्रॅक्टर काडतुसे बोटाने धरता येतील एवढी वर उचलतो, इतकेच. दोन नळ्यांमधली पट्टी मागच्या टोकाला जिभेसारखी बाहेर आलेली असून तिला आरपार गोल भोक आहे आणि बंदूक मिटली की त्या भोकात एक आडवा बोल्ट शिरतो.

अडचण अशी की बंदूक उघडायला फार जोर लागतो. लीव्हर शेवटपर्यंत फिरतो, त्यात काही अडत नाही. पण नळ्या जागच्या हलत नाहीत. दस्ता मांडीला टेकवून नळ्यांवर दोन्ही हातांनी भार दिला की ‘खट्’ असा आवाज होऊन त्या एकदम सुटतात. बंदूक कपाटातून काढून रिकामी उघडताना इतका त्रास होत नाही. परवा मैदानावर सहा-सात बार काढले, तेव्हा मात्र प्रत्येक वेळी ही झटापट करावी लागली, आणि शेवटी शेवटी तर दस्ता मुठीपाशी तडकेल की काय अशी भीती वाटू लागली. ओळखीतल्या एकाने बिजागरी घट्ट झाली असेल, थोडी कानस मारून घ्या, असे सुचवले आहे. तसे करावे का, की आधी आणखी काही तपासावे?

उत्तर १

कानस कृपया कपाटातच राहू द्या. बिजागरी झिजली तर नवी पिन घालून किंवा धातू भरून ती सांधणे हे कुशल हाताचे आणि खर्चाचे काम आहे. आज घट्ट वाटते म्हणून घासलेली बिजागरी उद्या ढिली निघाली, तर नळ्या आणि ॲक्शनची, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या लोखंडी ठोकळ्याची, मागची भिंत यांच्यामध्ये फट पडते, आणि ती फट बंदुकीचे आयुष्य संपवू शकते.

‘उघडायला जड’ या दोन शब्दांत किमान चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. लीव्हरच फिरत नाही, ही एक. लीव्हर फिरतो पण नळ्या सुटत नाहीत, ही दुसरी. नळ्या थोड्या झुकतात आणि मग जड होतात, ही तिसरी. रिकामी बंदूक नीट उघडते पण बार काढल्यावर अडते, ही चौथी. तुमच्या वर्णनात दुसरी आणि चौथी मिसळलेली दिसते, म्हणून त्या आधी वेगळ्या कराव्या लागतील.

दोन्ही चेंबर, म्हणजे नळ्यांच्या मागच्या टोकाचे काडतूस बसायचे भाग, रिकामे आहेत याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्या आणि मगच पुढचे वाचा. तुमची बंदूक बहुधा बॉक्सलॉक, म्हणजे घोडे आणि स्प्रिंगा ॲक्शनच्या पोटातच बसवलेली, असावी. १८७५ मध्ये अँसन आणि डीली यांनी पेटंट घेतलेल्या रचनेत नळ्या खाली झुकताना फोरएंडचे, म्हणजे नळ्यांखालच्या पुढच्या लाकडी भागाचे, लोखंड ॲक्शनच्या पुढच्या टोकातून डोकावणाऱ्या दोन तरफा दाबते, त्या तरफांची मागची टोके आतले घोडे उचलतात, आणि त्याच हालचालीत मुख्य स्प्रिंगा दाबल्या जातात. म्हणजे बार काढल्यानंतर बंदूक उघडताना तुम्ही केवळ बिजागरी फिरवत नसता, दोन जाड स्प्रिंगा ताणत असता. घोडे आधीच चढलेले असताना हा भार नसतो. नव्या, निर्दोष बंदुकीतही हा फरक हाताला चांगला जाणवतो.

म्हणून असे करून पाहा. बंदूक एकदा उघडून मिटा, म्हणजे दोन्ही घोडे चढलेले राहतील, आणि चाप न ओढता ती पुन्हा उघडा. येथेच जड वाटली, तर दोष बिजागरी, बोल्ट किंवा फोरएंड यांत आहे. मग घोडे चढलेले असतानाच फोरएंड काढून ठेवा आणि पुन्हा उघडा; या वेळी नळ्यांना हाताचा आधार द्या, कारण फोरएंड नसताना त्या बिजागरीवरून निसटून खाली पडू शकतात. आता हलकी उघडली, तर फोरएंडचे लोखंड ॲक्शनच्या गोल नाकावर कोरडे घासत आहे. तरीही जड राहिली, तर नळ्यांच्या पोटाखालचे लंप, म्हणजे खाली आलेले लोखंडी ठोकळे, आणि त्यांच्या खाचा पाहाव्या लागतील. घोडे उतरलेले असताना मात्र फोरएंड काढू नका. तो परत बसवताना स्प्रिंगांशी झगडावे लागते आणि त्या झगड्यात लाकडाचे कोपरे उडतात.

हे झाल्यावर दोन्ही नळ्यांत स्नॅप कॅप घाला. स्नॅप कॅप म्हणजे टोपीच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागाच्या, जागी स्प्रिंगवरचे बटण असलेले खोटे काडतूस. मग फक्त उजवा चाप ओढून उघडा, नंतर फक्त डावा, नंतर दोन्ही. तिन्ही वेळचा फरक लिहून ठेवा.

उत्तर २

माझ्याकडची बंदूकही अशीच अडत होती. मी ॲक्शनमध्ये भरपूर रॉकेल सोडले, रात्रभर तशीच उभी ठेवली, आणि सकाळी लीव्हर लोण्यासारखा फिरू लागला. एवढ्या परीक्षा घेण्याआधी हा सोपा उपाय करून पाहायला काय हरकत आहे?

उत्तर ३

हरकत आहे, आणि ती लाकडाची आहे. रॉकेल किंवा पातळ तेल ॲक्शनमध्ये सोडून बंदूक दस्ता खाली करून उभी केली, की ते सगळे लाकूड आणि लोखंड यांच्या सांध्यात उतरते. तेल पिऊन काळे पडलेले लाकूड मऊ होते, प्रत्येक दणक्याला थोडे थोडे मागे दबत जाते आणि कालांतराने नेमके मुठीपाशी तडकते. एका बंदूक कारागिराच्या शेजारी बसून मी काही वर्षे हे काम पाहिले आहे. दस्ते तुटून आलेल्या जुन्या बंदुकांपैकी बऱ्याच जणींच्या जखमेत तेलाचा वास यायचा.

रॉकेलाने लीव्हर सुटला हे मात्र खरे असणार. जुन्या काळी घरात जे असेल ते तेल बंदुकीला लावत असत. जवसाचे तेलही लावत. ते हवेने सुकून डिंकासारखे होते आणि लीव्हरच्या दांड्याभोवती धरून बसते. असा चिकटा काढायचा असेल तर नळ्या वेगळ्या करून, ॲक्शनचे तोंड खाली धरून, चिंधीच्या टोकाने थेंब थेंब रॉकेल लावावे, जुन्या टूथब्रशने घासावे आणि पुसून कोरडे करावे. पण प्रश्नकर्त्याचा लीव्हर मोकळा फिरतो, तेव्हा तो त्यांचा आजार नाही.

लंपच्या खाचा मात्र त्यांनी पाहाव्यात. पर्डी यांच्या १८६३ च्या पेटंटपासून चालत आलेल्या दुहेरी बोल्टाच्या रचनेत ॲक्शनच्या पोटातली एक सपाट पट्टी मागे-पुढे सरकते आणि लंपच्या दोन खाचांत अडकून नळ्या खाली धरून ठेवते. या खाचांच्या कोपऱ्यांत जुने ग्रीस, न जळलेल्या दारूचे कण आणि गंज यांचा एक कडक थर बसतो. आगपेटीच्या काडीला टोक करून तो खरवडा. लोखंडी सुई वापरू नका. पट्टीच्या जिभेतले गोल भोकही असेच साफ करा. एक्स्ट्रॅक्टर बाहेर ओढून त्याच्या मागच्या बैठकीत पाहायलाही विसरू नका, कारण तेथे दारूचा एक दाणा अडकला तरी बंदूक मिटायला कडक होते आणि मग लोक मिटताना आपटतात.

आणखी एक विनंती. मांडीला टेकवून भार देणे आता थांबवा. हात बिजागरीपासून जितका लांब, तितका जोर कमी लागतो. म्हणून डावा हात फोरएंडच्याही पुढे, नळ्यांवर न्या, नळ्यांची तोंडे जमिनीकडे, स्वतःपासून आणि इतरांपासून दूर राहतील असे पाहा, आणि एकसारखा दाब द्या. एवढ्याने उघडली नाही तर ती उघडण्याचा हट्ट सोडून कारागिराला गाठा.

प्रश्नकर्ता

दोन संध्याकाळी बसून सांगितले तसे सर्व केले. लंपच्या मागच्या खाचेतून काडीने जे निघाले ते वाळलेल्या मेणासारखे तपकिरी होते आणि नखाने चुरडले तरी चुरडत नव्हते. ते काढल्यावर आणि फोरएंडच्या लोखंडाला ग्रीसचे बोट लावल्यावर, घोडे चढलेले असताना बंदूक आता सहज उघडते. फोरएंड काढून आणि लावून काही फरक जाणवत नाही.

स्नॅप कॅप घालून डावा चाप ओढला तर उघडताना जडपणा येतो, पण तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो. उजवा ओढला की मात्र पहिल्या केसभर हालचालीतच काहीतरी अडते आणि मग तोच जुना ‘खट्’ आवाज येतो. दोन्ही ओढले तर अर्थातच सर्वात वाईट. मैदानावर जेवढा जोर लागला होता तेवढा मात्र घरी लागत नाही, आणि हे मला नीट उलगडलेले नाही.

उत्तर ३

आता धागा हाती आला. परवाची रिकामी काडतुसे टाकून दिली नसतील तर ती उजेडात धरा आणि टोप्यांवरचे खळगे पाहा. फायरिंग पिनने टोपीवर केलेला खळगा गोल आणि स्वच्छ काठांचा असावा. काही टोप्यांवर तो एका बाजूला ओढला गेलेला, शेपटी असलेल्या थेंबासारखा दिसला, तर समजा की बंदूक उघडू लागली तेव्हा पिन अजून टोपीतच रुतलेली होती. उघडताना नळ्यांचा मागचा भाग वर येतो, पिन जागेवर असते, त्यामुळे ती शेपटी काडतुसाच्या खालच्या बाजूकडे जाते. पुढच्या वेळी काडतूस घालण्यापूर्वी त्याच्या बुडावर वरच्या अंगाला शाईने एक ठिपका द्या. ठिपक्याच्या विरुद्ध दिशेला शेपूट निघाली की शंका उरत नाही. तुम्हाला ऐकू येणारा ‘खट्’ हा ती पिन टोपीच्या धातूतून ओरबाडत बाहेर पडल्याचा आवाज असावा.

पिन वेळेवर मागे का जात नाही, याची तीन-चार कारणे संभवतात. पिनेचे टोक वारंवार आपटून चपटे झाले असेल किंवा त्याला कंगोरा आला असेल. वेगळ्या पिना असलेल्या बंदुकीत पिनेभोवती काजळी आणि सुकलेले तेल भरले असेल, किंवा तिची परतीची बारीक स्प्रिंग तुटली असेल. आणि बॉक्सलॉकमध्ये बऱ्याचदा आढळणारे कारण म्हणजे घोडा उचलणाऱ्या तरफेचे टोक झिजलेले असते. तरफ आणि घोडा यांच्यात झिजेमुळे अंतर पडले, की नळ्या हलू लागल्या तरी ते अंतर भरून निघेपर्यंत घोडा जागचा हलत नाही, आणि तोवर पिन टोपीत अडकून राहते. डावीकडे एकसारखा भार आणि उजवीकडे आधी अडथळा मग झटका, हे वर्णन मला या शेवटच्या कारणाकडे झुकलेले वाटते.

बाहेर घोडे असलेल्या फार जुन्या बंदुकांमध्ये हाच प्रकार नित्याचा होता. तेथे बार काढल्यावर घोडे हाताने अर्ध्यावर ओढून घेतल्याशिवाय पिना मागे जात नसत आणि बंदूक उघडतच नसे. बार होताच स्वतःहून मागे सरकणारे घोडे १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले, आणि मग ती कटकट मिटली.

यातले काहीही दुरुस्त करायचे तर ॲक्शन उघडावी लागेल, आणि ते घरी करू नका. जुन्या स्क्रूंच्या खाचा केसासारख्या बारीक असतात; बाजारातला जाड पेचकस त्यात घातला की कडा फाटतात. शिवाय दाबलेली मुख्य स्प्रिंग निसटली तर डोळा जाऊ शकतो.

उत्तर ४

घरी कमी आणि मैदानावर जास्त जोर लागला, या वाक्यावर माझी नजर अडली. तरफेची झीज दोन्ही ठिकाणी सारखीच असते. मैदानावर वेगळे होते ते एकच, खरे काडतूस. तुम्ही कोणत्या लांबीची काडतुसे वापरली, आणि नळ्यांचे चेंबर किती लांबीचे आहेत?

हे विचारण्याचे कारण सांगतो. जुन्या १२ बोअर बंदुकांपैकी पुष्कळांचे चेंबर ६५ मिमी लांबीचे, म्हणजे अडीच इंची असतात, आणि आजची सर्रास मिळणारी काडतुसे ७० मिमीची, म्हणजे पावणेतीन इंची असतात. घोटाळा असा की काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यावर तोंड उलगडलेल्या नळकांड्याची असते. तोंड दुमडलेले ७० मिमीचे भरलेले काडतूस प्रत्यक्षात ६० मिमीपेक्षाही आखूड भरू शकते, त्यामुळे ते ६५ मिमीच्या चेंबरमध्ये कुठेही न अडता बसते. ‘बसले म्हणजे चालते’ हा समज येथूनच पसरतो. बार झाल्यावर मात्र त्याचे उलगडणारे तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरते. चेंबरचा पुढच्या टोकाचा व्यास सुमारे २०.३ मिमी असतो आणि नळीचा १८.५ मिमीच्या आसपास. या उतारावर तोंड चेपले की छर्रे आणि गुटखा यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो.

येथे गुटखा म्हणजे दारू आणि छर्रे यांमधला वॅड, आमच्याकडे सगळे तोच शब्द वापरतात.

दाब वाढला की काडतुसाचे धातूचे बूड चेंबरच्या भिंतीला इतके चिकटते की नंतर पुरेसे आकसत नाही. टोपीही मागे रेटली जाऊन ॲक्शनच्या भिंतीला घट्ट टेकते. अशा वेळी नळ्या खाली झुकवताना एक्स्ट्रॅक्टरला ते अडकलेले काडतूस उपटावे लागते, आणि तो सगळा भार तुमच्या हातावर येतो. उघडायला जड जाणे हा येथे दोष नसून इशारा असतो.

नळ्या काढून उलट्या करा. चेंबरच्या खालच्या सपाट पाटांवर नळ्यांच्या दाब सोसण्याच्या चाचणीचे ठसे कोरलेले असतात. अनेक बंदुकांवर तेथेच बोअरच्या आकड्याशेजारी चेंबरची लांबीही लिहिलेली असते. आकडा सापडला नाही, तर ताठ पुठ्ठ्याची किंवा पातळ पत्र्याची २०.२ मिमी रुंद पट्टी कापून चेंबरमध्ये सरळ आत सरकवा. निमुळता भाग सुरू होतो तेथे ती थांबते. नळीच्या मागच्या कडेशी खूण करून मोजा. हे माप अंदाजाचे आहे, खरे मोजमाप कारागिराच्या गेजनेच होते. पण ६५ आणि ७० यांतला फरक त्यातून कळतो. तसेच वापरलेल्या काडतुसांची तोंडे पाहा. ती स्वच्छ उलगडलेली आहेत, की कडा विरलेल्या आणि ताणल्यासारख्या दिसतात?

चाचणीचे ठसे फक्त काळ्या दारूचे असतील, किंवा नळ्यांवर दमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळ्यांची, नागमोडी नक्षी दिसत असेल, तर लांबी जुळली तरीही आजची काडतुसे घालू नका. आधी नळ्या तपासून घ्या.

प्रश्नकर्ता

ठसे पाहिले. धुळीने आणि जुन्या तेलाने पाट काळा पडला होता, तो पुसल्यावर १२ च्या शेजारी ६५ असा आकडा स्पष्ट दिसला. इतकी वर्षे ही बंदूक घरात आहे आणि तो आकडा मी आजच पाहिला. माझ्या पेटीवर ७० मिमी छापलेले आहे. पुठ्ठ्याची पट्टीही पासष्टच्या आसपास थांबली. रिकाम्या काडतुसांपैकी बहुतेकांच्या तोंडाच्या कडा चिंधीसारख्या विरल्या आहेत, आणि उजव्या नळीतल्या चारही टोप्यांवर उत्तर ३ मध्ये सांगितलेली शेपूट आहे. डाव्या नळीतल्या तिन्ही टोप्यांवर खळगे गोल आहेत, पण टोप्या चपट्या झालेल्या दिसतात.

बंदूक उद्या परवानाधारक कारागिराकडे देत आहे. तोवर तिच्यातून एकही बार काढणार नाही.

प्रश्नकर्ता, तीन आठवड्यांनंतर

कारागिराने ॲक्शन उघडून दाखवली. उजव्या तरफेचे टोक डाव्याच्या तुलनेत डोळ्यांना दिसेल एवढे झिजलेले होते, आणि उजव्या पिनेच्या टोकाला एका बाजूला कंगोरा आला होता. त्याने तरफेच्या टोकावर धातू भरून ते पुन्हा घडवले, पिनेचे टोक गोल करून चकचकीत केले, आणि आतला सगळा वाळलेला चिकटा काढला. बिजागरीला त्याने हातही लावला नाही. लंपवर दिव्याची काजळी धरून बंदूक मिटून उघडली, तेव्हा काजळी जेथे पुसली जायला हवी तेथेच आणि सगळीकडे सारखी पुसली गेलेली त्याने मला दाखवली. चेंबर गेजने मोजले, ते ६५ मिमीच निघाले. नळ्यांची जाडी मोजून झाल्यावर, पेटीवर ६५ मिमीच्या चेंबरसाठी असे स्पष्ट छापलेली हलक्या भाराची काडतुसेच वापरायची, अशी ताकीद त्याने दिली. चेंबर लांबवून घ्यावेत का, हेही मी विचारले. त्याने नळ्यांच्या जाडीचे आकडे पुढे करून नकार दिला, कारण तेथला धातू कापला की नळ्यांची चाचणी नव्याने करावी लागते आणि जुन्या नळ्या तिच्यात टिकतीलच असे नाही.

काल त्या काडतुसांनी दहा बार काढले. ‘खट्’ आवाज गेला. टोप्यांवरचे खळगे दोन्हीकडे गोल आहेत. लागोपाठ दोन्ही बार काढले की उघडताना थोडा जडपणा अजूनही जाणवतो, तो कशाचा?

उत्तर ३

तो मुख्य स्प्रिंगांचा, आणि तो असायलाच हवा. तो कमी करण्यासाठी कोणी स्प्रिंगा पातळ करून देतो म्हणाले, तर देऊ नका. उघडायला हलकी होईल आणि टोपी फुटणार नाही. फोरएंडच्या लोखंडाला आणि बिजागरीच्या पिनेला ग्रीसचा पातळ हात द्या, आणि बंदूक कपाटात ठेवताना स्नॅप कॅपवर दोन्ही घोडे उतरवून ठेवा.